लेझी ऑक्टोपस आणि दादाचे अभंग

मी, सरोजिनी गुणाजी परब, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, राहणार नायगाव, मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचं नाही, ते पुढे येईलच.

१. बांगड्या भाची आकांक्षाला. पितळी डबे चुलतवहिनी लक्ष्मीला. जन्मभर तिचा त्यांच्यावर डोळा होता, आता घासावेत.

२. संगणक. माझे थोरले बंधू कै. शरच्चंद्र यांनी गायलेले अभंग त्यांचा मुलगा यशोधन याने जुन्या कॅसेटींवरून त्यात उतरवले. इथवर शाबासकी. मग चिरंजीवांनी गाणी लावायचा प्रोग्राम स्वतः लिहून जगाला फुकट वाटला. त्याचं नाव ‘लेझी ऑक्टोपस’. गाणी कुठे ठेवलीत ते सांगणारी सेटिंगची फाइल ‘टोस्टर’, आणि ती सहजी दिसू नये म्हणून नावाआधी टिंब. अभंग ठेवले ‘नूडल्स’ नावाच्या फोल्डरमध्ये.

“आत्या, ओपन सोर्समध्ये असंच असतं गं, फन! जगातला कोणीही उघडून बघू शकतो.”

जगाला मोकळं आणि आत्याला कुलूप! दादाच्या वर्षश्राद्धाला भजनी मंडळ टाळ घेऊन बसलं होतं. हा विमानात. शेजारच्या हितेंद्रने खटपट केली, टोस्टर काही सापडला नाही. मंडळी जेवून गेली. दादाचा आवाज घरात आलाच नाही. मला त्या दिवशी फार रडू आलं.

नाव ठेवायला अक्कल लागते. याच्या बारशाला पाळण्याशी वाकून मीच याच्या कानात नाव सांगितलं. टोस्टरच ठेवायला हवं होतं.

३. माझ्या मालकीची राहती जागा यशोधनला, पण अटीवर. माझ्या वर्षश्राद्धाला मंडळातल्या कोणीही, त्याला एक शब्द न विचारता, दादाचा अभंग लावून दाखवावा. लागला तर जागा त्याची. नाही लागला तर मंडळाची. निदान तिथे कोणीतरी गाईल. निवाडा खालच्या मजल्यावरच्या कमल राणे करतील. त्यांना फन कळत नाही.

४. संगणकात मीही एक फाइल ठेवली आहे. बारशाला कानात जे सांगितलं, तेच पुन्हा बोलले आहे. फाइलचं नाव ‘यशोधन’. शोधावी लागणार नाही.

सही: सरोजिनी गुणाजी परब

आमच्यासमक्ष सही केली:
१. कमल राणे
२. हितेंद्र सावंत (खटपट करणारे)

नायगाव, मुंबई. १४ जून २०२५