तिसऱ्या खर्ड्यातली गाडी

ती. बाबांना नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा काय म्हणतोय?

तुम्ही निबंध फळ्यावर लिहून द्यायचात. मी मुलांकडून तीनदा लिहून घेते. दर वेळी शेजारी बसलेल्याने एक प्रश्न विचारायचा. विषय होता ‘शाळेची वाट’. पहिल्यांदा सगळ्यांचीच वाट ‘छान’ होती. तिसऱ्या खर्ड्यात अकरा जणांच्या वाटेवर एकच राखाडी गाडी निघाली, उजवा दिवा फुटलेली. आतला माणूस मुलांना नावं विचारतो.

मुख्याध्यापकांनी वह्या कपाटात कुलूपबंद केल्या. म्हणाले, “यापुढे फळ्यावरचंच उतरवू द्या.”

मी ऐकलं नाही. स्वभाव तुमचाच.

आईला सांगू नका, पण पोरांनी अचूक लिहिलंय, बाबा. उजवाच दिवा फुटलाय. गाडी माझ्या खिडकीखाली उभी आहे.

तुमची,
धाकटी