एक नाव राहिलंय

गुंद. सोमवार, ७ एप्रिल १९१९
वरून हुकूम: मुलांना सभा भरवायला, सरकारला अर्ज लिहायला शिकवा. मुलं पंधरा. विषय त्यांनीच काढला. जंगलखात्याच्या गार्डाने झऱ्याची वाट कुंपण घालून बंद केलीय. बाया कोसभर वळसा घालून पाणी आणतात. शाळेचा माठ दुपारीच कोरडा. म्हटलं, चला, यावरच अर्ज.

मंगळवार, ८
सभा. अर्ज पाठवायचा का? अकरा हात वर, चार खाली. मी म्हटलं, बहुमत झालं, उठा. कुणी उठेना. शेवंती, गावच्या बुधवंताची, म्हणजे म्होरक्याची नात. ती म्हणाली, "चौघं राहिलीत न्हवं, मास्तर? सगळ्यांचं एक झाल्याबिगर आमच्यात बैठक उठत न्हाई."
चिडलो. पुस्तकात असं नाही म्हणून ओरडलो. ऐकतंय कोण! तिघं तासाभरात वळली. चौथी गंगू, त्या गार्डाचीच लेक. तिचा हात खालीच. सांजेला आया येऊन पोरांना घेऊन गेल्या. बैठक उद्यावर.

बुधवार, ९
मुलं पुन्हा बसली. गंगूवर कुणी डाफरलं नाही, सगळी नुसती थांबली. दुपारी गंगू बोलली, "माझ्या बाची नोकरी जाईल."
अर्जात गार्डाचं नाव मीच घातलेलं, तेही ठसठशीत. पोरांनी खोडायला लावलं. वाट मोकळी करा, एवढंच ठेवलं. मग पहिली सही गंगूची. मला माझीच लाज वाटली. बाकीच्यांना सह्या गिरवून आणायला सांगितलं.

शुक्रवार, ११
पंधरा सह्या झाल्या. दप्तरं बांधा म्हटलं. कुणी हललं नाही. शेवंतीने दौत माझ्यापुढे सरकवली.
"एक नाव राहिलंय."
समजावलं. सरकारी नोकराने अशा अर्जावर सही करायची नसते. बेळगावात आई, दोन बहिणी, सगळ्या माझ्या पगारावर. गंगूने मान हलवली. तिला कळलं. तरी उठली नाही. मीच आधी उठून खोलीवर आलो. झऱ्याचं पाणी मीही पितो. पण भीती वाटते, इथे तरी खोटं कशाला लिहू.

शनिवार, १२
सकाळची शाळा. माझ्या आधी येऊन बसलीत, पंधराच्या पंधरा. टपालवाला दुपारी निघतो. अर्ज टेबलावर, दौत उघडी.
हे त्यांच्यासमोरच लिहितोय. टाक हातात आहेच.