आईच्या नावाच्या दोन खुर्च्या

प्रिय ख्रिस्तोफर,

सलाम. तुझ्या खुर्च्या मिळाल्या, पण पाठवलेल्या नाहीत. का नाही, ते फोनवर सांगायला गेले तर तू मीटिंगमध्ये असशील, म्हणून शाळेतून आल्यावर बाबांच्या कॉटशेजारी बसून लिहिते आहे. आत्तापर्यंत दोनदा उठावं लागलं. अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे.

तुझा तो फोटो आला तेव्हा मला खरं तर राग आला होता. बाबांना कुशीवर वळवत होते, फोन वाजला म्हणून पाहिलं तर खुर्ची! बसकी, रुंद हातांची, पाठ मागे कललेली, वेताची. खाली तू लिहिलेलं, शॅरनला तुमच्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये असल्या जुन्या क्लबच्या खुर्च्या हव्यात, पुण्यात नकली मिळतात, दौंडला रेल्वेचं जुनं सामान निघतं, ताई, तू जरा बघशील का. हे ‘ताई, तू जरा बघशील का’ ऐकून माझे कान किटलेत रे. पण शेवटी आणखी एक ओळ होती, की असली खुर्ची कुठंतरी पाहिल्यासारखी वाटते आणि बघून बरं वाटतं. ती ओळ नसती तर मी गेले नसते.

एका शनिवारी शेजारच्या अनसाबाईंना बाबांपाशी बसवून दौंड गाठलं. स्टेशनच्या मागे तात्याबा म्हणून एक जुन्या सामानाचा व्यापारी आहे. त्याने पत्र्याच्या शेडमधून दोन खुर्च्या ओढून काढल्या. “क्लबातल्या हायेत बाई. सायेब लोक बसायचं ह्यात. वेत न्हाई ऱ्हायला, पन लाकूड बगा, सागवान हाय.” लाकूड कसलं बघते? सगळीकडे चॉकलेटी ऑइलपेंटची पुटं, वेताच्या जागी प्लायवूड ठोकून वर रेक्झिन. आकार मात्र तुझ्या फोटोतलाच. अनसाबाईंना चारला घरी जायचं होतं, त्यामुळे घासाघीस न करता मी हो म्हटलं. टेम्पोत खुर्च्या मागे आणि मी पुढे, अशी आमची वरात चौफुला, न्हावरा करत शिरूरला आली.

रंग खरवडायला वडगाव रासाईचे ज्ञानदेव मिस्त्री येत होते. चॉकलेटीखाली निळा, निळ्याखाली पुन्हा चॉकलेटी. “ताई, ह्या खुर्च्यांनी लई दिवाळ्या बघितल्यात,” ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्लायवूड उचकटलं आणि मला हाक मारली. आतल्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘कै. प्रेमाबाई प्रभुदास साळवे यांच्या स्मरणार्थ, १९८४.’ दुसऱ्या खुर्चीतही तेच. मी ओट्यावरच खाली बसले. मिस्त्रींना वाटलं, मला चक्कर आली.

तू तेव्हा चार वर्षांचा होतास, मी दहाची. आईला आडवं झालं की श्वास पुरत नसे. बाबा दौंडला रेल्वेत डब्यांच्या दुरुस्तीवर होते. तिथल्या रेल्वे क्लबने जुन्या खुर्च्या मोडीत काढल्या तेव्हा त्यांनी या दोन इथे शिरूरला घरी आणल्या, एक आईला बसल्या बसल्या झोपायला आणि एक समोर स्वतःला. म्हणजे तात्याबा खरंच बोलत होता, फक्त मधली गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. तू आईच्या मांडीवर बसून खुर्चीच्या हातावर काडेपेटीची गाडी चालवायचास. तिला दम लागलेला असला तरी ती ‘पीं पीं’ करायची. तू ही खुर्ची पाहिली आहेस ती तिथे, बाळा.

आई गेल्यावर बाबांना त्या खुर्च्या घरात बघवेनात. आपल्या ख्रिस्ती लोकांची रीत तुला माहीतच आहे, कुणी गेलं की देवळाला त्याच्या नावाने पंखा, घड्याळ, नाहीतर बाक द्यायचा. बाबांनी खुर्च्या दिल्या. त्या वेदीजवळ पाळकसाहेबांच्या खुर्च्या झाल्या. आणि मग दर नाताळला दारं-खिडक्या रंगवून उरलेला डबा त्यांच्यावर फिरत राहिला. वेत तुटला तेव्हा त्या नावावर प्लायवूड बसलं, आणि त्या आईच्या हे मीही विसरून गेले.

आता खरं सांगते. तीन वर्षांपूर्वी देवळाला कुणीतरी सोफासेट दिला. पंचकमिटीत विषय आला, जुन्या खुर्च्या काढून टाकायच्या. हात वर करणाऱ्यांत मी होते, ख्रिस. मी पंच आहे. बाबा घरी एकटे होते, माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. ठराव एकमताने झाला. ज्या खुर्चीत माझी आई शेवटचं झोपली ती मी मोडीत काढली, आणि वळूनही पाहिलं नाही. भंगारवाल्यांच्या हातांतून फिरत त्या परत दौंडला पोचल्या असणार. मला माझीच फार लाज वाटली. तेव्हा तू काय काय विसरलास याचा पाढा मी आज वाचणार नाही.

मिस्त्रींनी नवा वेत विणून दिला. एक खुर्ची मी बाबांच्या कॉटशेजारी ठेवली. म्हटलं, निदान पाठ टेकून बसता येईल. कसलं काय! बाबा मला त्यात बसूच देत नाहीत. “ऊठ पोरी, ती पाळकसायबांची हाय,” म्हणतात. मग मी आपली परत स्टुलावर. आणि दिवसातून दहा वेळा विचारतात, “आलं न्हाईत व्हय पाळकसायेब? कवा यायचं?” त्यांना आई आठवत नाही, मी कोण तेही रोज आठवतं असं नाही, पण त्या खुर्चीत कुणीतरी येऊन बसायचं आहे हे पक्कं आठवतं.

मागच्या नाताळला त्यांनी तुलाच ‘पाळकसायेब’ म्हणून हात जोडले. तू बाहेर जाऊन गाडी सुरू केलीस, केकही घेतला नाहीस. त्यानंतर खराडीहून शिरूरचा दीड तासाचा रस्ता तुला सापडला नाही. ओळखतच नाहीत तर येऊन काय करू, असं तू फोनवर म्हणालास.

मी दमले आहे रे. गर्भाशयाचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं, आता डॉक्टर ऐकत नाहीत. एकोणीस तारखेला मला ॲडमिट व्हायचंय, आणि नंतर सहा आठवडे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, तिथे बाबांना कोण उचलणार? गाठ कसली आहे ते काढल्यावर कळेल. मला भीती वाटते. म्हणून लिहिलं. तू ये. तुला पाळकसाहेब म्हणाले तर म्हणू दे. त्यांचा हात धर, प्रभूची प्रार्थना म्हण, ती त्यांना अजून पाठ आहे. मी बरी होऊन आले की खुर्च्या खुशाल घेऊन जा, दोन्ही ने, शॅरनच्या हॉलमध्ये शोभतील. पण आधी इथे येऊन एकीत बस.

तुझीच,
इवाताई