काल्पनिक नकोशी

१२ नोव्हेंबर, इंदापूर

काल्पनिक म्हणे! मी काल्पनिक!

जोतीरामदादा गेल्यावर त्याची पत्रं, पत्रांच्या कडेला काढलेली चित्रं, सगळं बारामतीच्या त्या कलासंग्रहाला आम्हीच दिलं. एवढा मोठा कलासमीक्षक तो, त्याचं सगळं जपून तरी राहील. आज पहिल्यांदा बघायला गेले. काचेखाली एक पत्र. कडेला पेन्सिलीनं काढलेली बाई, पाठमोरी, म्हशीची धार काढतेय. खाली दादाच्या अक्षरात ‘नकोशी’. आणि त्याखाली या संग्रहवाल्यांची छापील पट्टी — ‘नाकारलेल्या स्त्रीत्वाचे प्रतीक. व्यक्ती काल्पनिक.’

अरे, ते माझं नाव आहे! चौथी पोरगी, म्हणून पाळण्यात नकोशी. लग्नात सुनंदा झाले, एवढंच. दादा मात्र शेवटपर्यंत नकोशीच म्हणायचा, आणि त्याच्या तोंडून ते मनाला लागायचं नाही. जगाच्या चित्रांना नावं ठेवणाऱ्या माणसानं एक चित्र मायेनं काढलं, ते माझं. तेही यांनी प्रतीकात घातलं!

१३ नोव्हेंबर

डोकं अजून तापलेलंच.

१८ नोव्हेंबर

पुन्हा गेले. तिथल्या निकिता मॅडम गोड बोलतात. “ताई, पण आधारवर तर सुनंदा आहे.” मी पणदऱ्याच्या शाळेचा दाखला टेबलावर आपटला. बाई वरमल्या. “आम्हाला वाटलं, असं नाव खरंच कोण ठेवेल?”

कोण ठेवेल! आमच्या वर्गात दोघी होतो!

पट्टी बदलणार आहेत — ‘नकोशी, समीक्षकांची धाकटी बहीण.’ येताना एसटीत रडू आलं. रागानंच.

२० नोव्हेंबर, पणदरे

आईला सांगायला आले. मोबाईलवर चित्र दाखवलं. लांब धरून बघत बसली.

“ही तू न्हाय. मी हाय.”

“आई, खाली नकोशी लिहिलंय!”

“तू कदी म्हशीजवळ तरी गेलीस का गं?”

नव्हते गेले. भीती वाटायची.

“माज्या माह्यारचं नाव नकोशीच. लग्नात तुज्या बापानं ताटातल्या तांदळात लीला लिवलं, तवापसनं लीलाबाई. जोतीला ठावं व्हतं.”

भडकलेच मी. स्वतः भोगलंस, आणि माझंही तेच ठेवू दिलंस? जेवले नाही.

२१ नोव्हेंबर

निघताना आई म्हणाली, “तुजी आजी तारा ठेवा म्हनत व्हती. नकोशी मीच ठिवलं. घरात माजं नाव कुनाच्या तरी तोंडी ऱ्हावं, असं वाटलं गं.”