प्रार्थनेचा पाव तास

दि. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

यातला साष्टांग नमस्कार खरा आहे. जिला मी तो घालते अशी तू एकटीच उरलीस, तेव्हा तो उगाच वर कुणाकडे पाठवू नकोस. फोन न करता पत्र लिहितेय, कारण हा विषय निघाला की आपल्यापैकी एकजण फोन आपटते. ती मी नसते.

बातमी अशी की आमच्या डायलिसिस विभागाच्या इन्चार्जबाई निवृत्त झाल्या. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. आठ खाटा, आठ मशीन, दिवसाला तीन पाळ्या. रोज चोवीस माणसांचं रक्त आमच्या नळ्यांतून फिरून, साफ होऊन परत त्यांच्या अंगात जातं. त्यांची जागा मलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते, मीसुद्धा.

पण विश्वस्त मंडळ नवं आलंय. त्यांनी महिन्यापूर्वी नियम काढला की सकाळी सहाला कामावर येणाऱ्या प्रत्येकाने आधी खालच्या सभागृहात पंधरा मिनिटं प्रार्थनेला उभं राहायचं आणि मग वर यायचं. सक्ती नाही म्हणतात. दाराशी सहीची वही मात्र ठेवलेली असते.

मी जात नाही. देवाशी माझं भांडण नाही. तो नाहीच म्हटल्यावर भांडणार कुणाशी? पण सहाला आमची पहिल्या पाळीची माणसं येऊन पडलेली असतात. त्यांना मशीनवर लावायला उशीर झाला की चार तासांचे पावणेचार होतात, कारण पुढची पाळी दाराशी उभी असते. जे पाणी अंगातून निघायचं ते आतच राहतं. पाय सुजतात, दोन दिवस धाप लागते. म्हणून मी एकटी वर थांबते. बाकीचे खालून येईपर्यंत माझ्याच्याने दोघेजण मशीनवर लागतात. उरलेले सहा छताकडे बघत बसतात.

त्या सहांत एक शिंपीकाका आहेत. सगळी नजर सुईत गेली, आता अक्षर दिसत नाही. माणूस फार भाविक. सुया टोचून झाल्या की त्यांना त्यांच्या पोथीतलं एक पान वाचून दाखवावं लागतं. ते मीच वाचते, कारण माझे उच्चार स्वच्छ आहेत म्हणे. हस, हस.

परवा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. माणूस चांगला आहे, पण वरच्यांसमोर त्याचा आवाज बसतो. म्हणाले, पंधरा मिनिटं उभं राहायला तुमचं काय जातं? मी म्हटलं, माझं काही नाही, त्या सहाजणांचं जातं. मग त्यांनी बढतीचा अर्ज पुढे केला. त्यात ‘श्रद्धा’ असा रकाना आहे. मी ‘नाही’ लिहिलं. ते म्हणाले, निदान कोरा तरी सोडा. मी नाही सोडला.

आणि एक सांगते. अकरा वर्षांत एकाही सणाला मी घरी नव्हते. कामाचा तक्ता लावायला बसले की सगळे माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, तुला काय, तुझं काही नसतंच. अगं, मलाही घर आहे, नवरा आहे, आणि नेमकी त्याच दिवशी त्याला सुट्टी असते. तुम्हा श्रद्धावाल्यांना ही सवलत दिसतच नाही, ताई, कारण ती तुम्हाला कधी मागावी लागत नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ असू दे, वाद चालू राहू दे.

तुझी,
टकळी


दि. ११ मार्च

चि. टकळीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद देवाचं नाव घेऊनच दिलेत. नको असतील तर पाकिटात घालून परत पाठव.

‘सवलत’ हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. आई गेली तेव्हा मी सतराची होते, तू नऊची. दुसऱ्याच महिन्यात मी शाळा सोडून पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कागदांना घड्या घालायला लागले. तिथे देव आहे की नाही यावर कुणी बोलत नसे. ते ठरवायला निवांतपणा लागतो, पोट भरलेलं लागतं आणि चार पुस्तकं लागतात. ती पुस्तकं मी बांधली आणि तू वाचलीस. तेव्हा सवलत कुणाला मिळाली ते एकदा शांतपणे बघ.

आणखी एक. तुझा भाचा सात आठवडे तापाने पडला होता, तेव्हा तू परीक्षेला बसली होतीस आणि मीच तुला कळवलं नव्हतं. आमच्या प्रार्थना मंडळातल्या बायका आळीपाळीने येऊन बसायच्या. एक भांडी घासायची, एक त्याच्या कपाळावर पट्टी ठेवायची, एक मला बळजबरीने झोपवायची. देव आला होता की नाही हे तू मला विचारशील. त्या आल्या होत्या, आणि त्याचंच नाव घेत आल्या होत्या. माझ्यापुरता पुरावा तेवढा पुरतो.

तुला तिथे उभं राहायला सांगतात, वाकायला नाही. उभी राहा आणि मनात मशीनची बटणं मोज. देव रागवायचा नाही, मी त्याला तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. जागा हातची गेली तर तुझ्याहून कच्च्या हाताच्या कुणाला तरी ती मिळेल. मग तुझ्या त्या सहाजणांचं काय भलं होणार?

आमच्या मंडळाच्या अध्यक्षबाई तुमच्या विश्वस्तांत आहेत, दर गुरुवारी इकडे येतात. मी माझ्या पद्धतीने बघते. तू तोंड मिटून राहा, जमलं तर.

तब्येत सांभाळ. रागाच्या भरात का होईना, उत्तर लिही.

तुझीच,
ताई


दि. २ एप्रिल

ताई,

नमस्कार आज उभ्यानेच.

काल मला बोलावून जागा दिली. विश्वस्तांच्या खोलीत डॉक्टर होते, आमच्या विभागातले सगळे होते, टेबलावर पत्र तयार होतं. मला वाटलं, अखेर कामाकडे बघितलं कुणीतरी. तुझ्या अध्यक्षबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरले होते, खोटं नाही सांगत. म्हणाल्या, तुमच्या बहिणीने सगळं सांगितलं. तुम्ही घरी रोज प्रार्थना करता, चारचौघांत कबूल करायचा संकोच वाटतो, म्हणून अर्जात तसं लिहिलंत.

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याजवळ उभी असलेली आमच्यातली धाकटी तंत्रज्ञ, जिला सुई धरायला मी शिकवलं, तिने हळूच माझा पदर ओढला, म्हणजे गप्प बसा असं. मला तूच सांग, किती सोपं होतं. एक शब्दही बोलायचा नव्हता. नुसती मान हलवायची.

मी म्हणाले, “बाई, हे खरं नाही. मी प्रार्थना करत नाही. माझ्या बहिणीने मायेपोटी सांगितलं असेल, पण हे पत्र मला त्यावर नको.”

पत्र टेबलावरच राहिलं. बाईंनी माझे हात सोडले. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, हे इस्पितळ श्रद्धेच्या माणसांनी उभं केलंय. ते चालवणारीही तशीच असावीत असं आम्हाला वाटलं तर ते इतकं चूक आहे का? मी म्हटलं, वाटण्यात चूक नाही, पण खाटेवरच्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागू नये. आता वीस तारखेच्या बैठकीत ठरेल म्हणे. काय ठरेल ते दिसतंच आहे.

तू खोटं बोललीस, ताई, आणि तेही देवाचं नाव पुढे करून. मी नास्तिक असूनही एवढं धाडस केलं नसतं. माझ्यासाठी शाळा सोडलीस ते मी जन्मात विसरणार नाही. पण त्याच्या बदल्यात तू मला दुसरंच कुणीतरी करून विकू शकत नाहीस. माझं ‘नाही’ माझं आहे. तुझ्या ‘हो’इतकंच ते मी जपलंय.

उत्तर नाही आलं तरी चालेल.

टकळी


दि. १२ एप्रिल

चि. टकळीस,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. तुझ्या भाऊजींनी विचारलं काय झालं, तर त्यांच्यावरच ओरडले. मग त्यांनाही वाचायला दिलं. वाचून ते एवढंच म्हणाले की ती बरोबर आहे, आणि बाहेर निघून गेले. बोलून निघून जायची सवय तीस वर्षांची.

परवा गुरुवार होता. साठएक बायका जमल्या होत्या, अध्यक्षबाई समोर. गेली चौदा वर्षं आमच्याकडे प्रार्थना मी सांगते आणि बाकीच्या मागून म्हणतात, हे तुला ठाऊक आहे. परवा मी उठले आणि सुरू केलं नाही. म्हणाले, “माझी बहीण देव मानत नाही. ती घरी प्रार्थना करते हे मी खोटं सांगितलं. ते पाप माझं, तिचं नाही.”

तेवढ्यावर बसायचं ठरवून गेले होते. पण टकळी काय घरात एकच जन्मली? मी पुढे बोलले. म्हटलं, माझ्या बहिणीचं काम चोख आहे हे सांगायला मला खोट्याचा आधार घ्यावा लागला, यात माझी जेवढी चूक आहे तेवढी ते ऐकायला उत्सुक असलेल्यांचीही आहे. म्हटलं, आजारी माणूस वर वाट बघत असताना खाली म्हटलेली प्रार्थना मला ऐकवणार नाही, मग देवाला कशी ऐकवेल?

मग अध्यक्षबाई म्हणाल्या की मी थकलेली दिसते, काही दिवस विश्रांती घ्यावी. प्रार्थनेची वही माझ्या हातातून शेजारणीने घेतली. तीच शेजारीण, जी माझ्या पोराच्या उशाशी बसायची. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ते मात्र लागलं.

मी उठून गेले नाही. पहिल्या रांगेत बसून राहिले आणि तिच्यामागून सगळं म्हटलं, नेहमीपेक्षा मोठ्याने. पुढच्या गुरुवारीही जाणार आहे. देव कुणा अध्यक्षबाईंच्या नावावर केलेला नाही.

मी तुझ्या बाजूची झाले असं मुळीच समजू नकोस. तू चुकतेस असंच मला वाटतं. पण तुझी चूक तुझ्याकडून हिसकावून घ्यायचा हक्क मला नाही.

क्षमा माग म्हणालीस तर मागेन. आधी वीस तारखेचं कळव.

तुझी,
ताई


दि. २६ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. (पुन्हा पूर्ण साष्टांग.)

क्षमा नको. तू उभी राहिलीस त्या खोलीत मी असते तर मीही तुझ्यामागून काहीतरी म्हटलं असतं. काय, ते विचारू नकोस.

आता बैठक. शिंपीकाका त्या दिवशी आले होते, त्यांचा मशीनचा वार नसताना, मुलीचा हात धरून. बरोबर पहिल्या पाळीतले आणखी चौघे. मी कुणाला सांगितलं नव्हतं. विश्वस्तांनी विचारलं, तुमचा प्रार्थनेला विरोध आहे का? ते म्हणाले की विरोध कसला, मी दिवसातून तीनदा करतो. मग म्हणाले, “पण साहेब, मशीनवर मी चार तास आडवाच असतो. हवी तेवढी प्रार्थना तिथे करीन. तुमच्या पंधरा मिनिटांनी मला जिना चढताना धाप लागते.” आणि शेवटी म्हणाले की त्यांना पान वाचून दाखवणारी बाई देव मानत नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, न मानता इतकं नीट वाचते, म्हणूनच त्यांना ती हवी.

निकाल असा. प्रार्थना दुपारच्या सुट्टीत गेली, ज्याला यायचं त्याने यावं, सहीची वही बंद. सहाला आठही मशीन सुरू होतात. अर्जातला रकाना तसाच आहे. आणि जागा मला दिली नाही. ती आमच्या धाकट्या तंत्रज्ञ मुलीला दिली.

खोटं सांगत नाही, लागलं. पाणी शुद्ध करायच्या खोलीत मोटारीचा आवाज मोठा असतो, तिथे जाऊन रडून घेतलं. अध्यक्षबाईंनी नंतर विचारलं की मी आता राजीनामा देणार का. त्यांच्या आवाजात आशा होती की काळजी, मला कळलं नाही. मी म्हटलं, नाही. मी इथेच आहे, रोज दिसेन.

नव्या इन्चार्जने, म्हणजे आमच्या धाकटीने, पहिला तक्ता लावला. ती मनापासून श्रद्धाळू आहे, दुपारी खाली जाते. येत्या मोठ्या सणाला तिने स्वतःचं नाव कामावर टाकलंय आणि माझ्या नावापुढे सुट्टी. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, अकरा वर्षं झाली, आता आमची पाळी. ताई, तो कागद मी जरा जास्तच वेळ बघत उभी होते.

तर त्या दिवशी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. तू तुझं सगळं कर, मी बाहेरच्या खोलीत बसून भाऊजींशी वाद घालीन.

लोभ आहेच, तो मागत नाही.

तुझी,
टकळी


दि. ३ मे

चि. टकळीस,
अ. उ. आ.

या. दोन दिवस आधी या. भाऊजींशी वाद घालायचा विचार सोड, ते हो म्हणून मोकळे होतात.

मंडळाचं सांगते. शेजारीण काल घरी आली, वही घेऊन. दारातच रडली. म्हणाली की पुढे उभं राहून म्हणायला तिचा आवाज पुरत नाही, आणि मनही होत नाही. अध्यक्षबाईंची हरकत नाही, फक्त एक अट आहे. गुरुवारी मी पुन्हा सुरुवात करायची, आणि पहिली प्रार्थना सगळ्यांनी मिळून तुझ्यासाठी म्हणायची, तुला सुबुद्धी मिळावी म्हणून.

मी वही तिच्याच हातात ठेवली. चहा पाजला, तिचे डोळे पुसले आणि निरोप दिला की मी पहिल्या रांगेत बरी आहे, बोलवायचं तर बिनशर्त बोलवा. माझ्या बहिणीसाठी मी रोजच मागते, त्याला साठजणींची गरज नाही. आणि मी सुबुद्धी मागत नाही, ती तिच्याकडे आहे. दिवसभर उभी असते ती. तिचे पाय दुखू नयेत एवढंच मागते.

हे तुला आवडणार नाही ठाऊक आहे. तरी मागणार. तू मला थांबवून दाखव.

तुझी,
ताई