गोळा पडल्यावर

३ जानेवारी

प्रिय छकुलीस,
अ. आ. तुमच्या खेळाच्या सरांचं डोकं फिरलंय का? तुला काडी पहिलवान म्हणतात? गोळाफेक नुसत्या दंडावर होते असं ज्याला वाटतं, त्यानं गळ्यातली शिट्टी काढून ठेवावी. आता नीट वाच. गोळा तळहातात नाही, बोटांच्या मुळाशी धर. हनुवटीखाली मानेला चिकटव, कोपर वर. चेंडूसारखा फेकायचा नाही, ढकलायचा. जोर पायांतून कमरेत, कमरेतून हातात. पुढच्या लाकडी फळीच्या वर पाय पडला की फाऊल. आणि गोळा पडला की मग... थांब, ट्रकवाला हॉर्न मारतोय. भलता तापट माणूस, क्लीनर मी, म्हणून काल जॅक सापडेना तेव्हा माझ्यावरच डाफरला. बाकी पुढच्या पत्रात. आईला सांग, जेवतो वेळेवर.
तुझी आठवण खिशात घेऊन फिरणारा,
दादा

१९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. रीत म्हणून, मनापासून नाही. निवडीत माझा गोळा सगळ्यांत लांब पडला. आनंदाच्या भरात मी फळी ओलांडून पुढे धावले आणि पंचांनी लाल झेंडा वर केला. वर्तुळातून मागच्या अर्ध्या बाजूनेच बाहेर पडायचं असतं म्हणे. मग असा धसका घेतला की पुढचे दोन्ही गोळे पायापाशी पडले. सर हसले. कोणी शिकवलं म्हणून विचारलं. काय सांगू? तुझं शिकवणं ट्रकवाल्यापाशी संपतं. सायकल खोललीस, ती अजून कोपऱ्यात एका चाकावर उभी. घर सोडलंस तेही बाबांचं बोलणं अर्धवट टाकून. त्यांनी वेल्डिंगच्या दुकानात मला लोखंडी वर्तुळ वाकवून दिलंय. रोज एवढंच सांगतात, मागून बाहेर पड. दहा तारखेला शेवटची निवड आहे. अर्धं पत्र पाठवणार असशील तर पाठवूच नकोस.
राग गेल्यावर पुन्हा तुझीच,
छकुली

२४ जानेवारी

प्रिय छकुलीस,
अ. आ. ट्रकवाला त्या दिवशी हॉर्न मारत नव्हता, सीटवर घोरत होता. शाळेत मीही असाच पुढून बाहेर पडलो होतो. पंचांशी भांडलो, गोळा टाकला तो पुन्हा उचलला नाही. ते तुला लिहायची मला लाज वाटली. सरांपेक्षा मला स्वतःचाच जास्त राग येतोय. तर अर्धं राहिलेलं वाक्य: गोळा पडेपर्यंत आत थांबायचं, तोल सावरायचा, मग मागे वळायचं. किती लांब पडला ते बघू नकोस, ते पंच बघतील. दहा तारखेला तू वळशील तेव्हा मी मागे उभा असेन, सायकलचं दुसरं चाक घेऊन. बाबांना सांग, त्यांचं बोलणंही पूर्ण ऐकायचंय.
तुझ्या शिव्यांवरही जीव असलेला,
दादा