दोरावर कोण होतं

वडपे, ता. भिवंडी
रविवार, १९ मे २०२४

मैनाबायला नामाचा रामराम. दाजींना नमस्कार. रंजिता, पत्र तूच तुझ्या आईला वाचून दाखवणार, म्हणून तुलाही सांगतो, लिहिलंय तसंच वाच. गेल्या खेपेला तू मधलं गाळलंस. गाळलंस ते नेमकं भांडणाचं होतं. मला कळतं सगळं.

इकडे ठीक. उन्हाने गोडाऊनचा पत्रा असा तापतो की आत भाकरी भाजावी. माझी ड्युटी सध्या गेटवर आहे. येणाऱ्या गाडीचा नंबर मी सांगतो, दुसरा लिहून घेतो. करवंदं पिकली असतील. अक्षराकडे बघून हसू नका, इथलं टेबल डुगडुगतं. एरवी माझं अक्षर कसं आहे ते सगळ्या पाड्याला ठाऊक आहे. शाळेत न जाता, खोक्यांवरची नावं गिरवून कमावलेलं आहे.

आता मुद्दा.

मोहिउद्दीनभाईच्या टेंपोतून मधाची बाटली पोचली. मध मी फडक्यातून गाळला. तळाशी काळी बारीक खडी निघाली. झाडावरच्या मोहोळात खडी कुठून येणार? हा मध कड्याचा आहे. आणि मैनाबाय, तू तर फोनवर म्हणालीस, यंदा कड्यावर आग्या बसलाच न्हाय, कोणी उतरणार न्हाय. मग माश्या काय बाटलीत बसून वडप्याला आल्या?

मोहिउद्दीनभाईला खोदून विचारलं, कोण उतरलं, कोण सोबत होतं. तो म्हणाला, "नामाभाई, शहद आया है, खा लो. पंचनामा मत करो." माझ्याकडे न बघता म्हणाला. तेही मी लक्षात ठेवलंय.

रंजिता, तुला हे कोणी सांगितलं नसेल म्हणून लिहितो. कड्याच्या माथ्यावर केवणीच्या सालीचा दोर झाडाला बांधतात. खाली माणूस टांगलेला, भोवती धूर आणि आग्यामाश्या. वर दोराशी जो बसतो, ढील देतो, ओढून घेतो, तो उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊच असावा लागतो. उतरणाऱ्याचा सख्खा भाऊ चालत नाही. भाऊ मेला तर भावाच्या वाट्याला झोपडं येतं, भांडी येतात, काहीतरी येतं. मेहुण्याच्या वाट्याला फक्त विधवा बहीण येते. म्हणून आपल्या लोकांनी दोर मेहुण्याच्या हातात दिला. बायकोने तर त्या दिवशी कड्याकडे फिरकायचंही नसतं. माझे आजोबा म्हणायचे, सकाळी नवऱ्याशी भांडण झालेलं असलं म्हणजे?

दाजी उतरले आणि मला निरोप नाही. मग दोरावर कोण होतं?

मला लहूचा संशय आहे. दाजींचा भाऊ आहे म्हणून मी आजवर गप्प बसलो. पण होळीला तो इथे आला होता तेव्हा दोनदा विचारत होता, नामा, तुझा दोर अजून मैनाच्या घरीच टांगलेला हाय ना? मध विकत घेणारा वळ गावचा कोणी व्यापारी त्याने गाठलाय, हेही माझ्या कानावर आहे. तुम्ही सगळे मिळून माझ्यापासून काहीतरी लपवता आहात. लहू दोरावर होता की नव्हता, एवढंच कळवा. असला तर माझा दोर पुन्हा खाली काढू नका. सुट्टी मिळत नाही, नाहीतर मीच येऊन बघितलं असतं.

नामा


वडपे
रविवार, २ जून २०२४

मैनाबाय,

रंजिताचा फोन आला. मी म्हटलं, उत्तर लिहून पाठव. ती म्हणाली, मामा, आय समोरच बसलीय, तिचंच ऐका. मग तू बोललीस.

"दोरावर मी होते."

  

तू म्हणालीस, लहू पुढं आला होता, मीच त्याला मागं सारला. "नामाचा हात मशिनीत गेलाय, तो यायचा न्हाय. मंग दुसरा हाय कोण?"

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मला पंचनामा करू नको म्हणणारा मोहिउद्दीनभाई माझा सगळा पंचनामा पाड्यावर देऊन गेला होता. त्याच्याशी मी सध्या बोलत नाही. चहा मात्र त्याचाच पितो.

तर लिहितो. मालाच्या सरकत्या पट्ट्यात उजवा हात अडकला. दोन बोटं गेली, तिसरं वळत नाही. हे पत्र डाव्या हाताचं आहे, मागचंही होतं. टेबलाचं काही चुकलेलं नाही. सुट्टीचंही खरं नव्हतं, मागितली असती तर मिळाली असती. पण तुम्ही बोलावलं असतं तर मी आलो असतो, बाय. हात खिशात घालून आलो असतो आणि दोराशी बसलो असतो. नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. दाजी खाली असते. आणि वर दोराला हा हात.

आता तुझी चूक. बाटलीत खडी आली, म्हणजे पोळं कड्याला घासलं. घासलं म्हणजे दोर झुलला. तू ढील एकदम सोडलीस. दोर कमरेमागून घ्यायचा आणि अंगाला घासत सोडायचा, नुसत्या हाताने नाही. कड्याच्या धारेवर दोराखाली गोणपाट घातलं होतंस का? मला वाटतं, नाही घातलंस.

रंजिता सांगत होती, लहू पाड्यावर बोलत फिरतोय की बाईने दोर धरला, कडा बाटला, आता आग्या परत बसायचा न्हाय, आणि पुढच्या रविवारी पंच बसवणार. तुम्ही दोघं एकटे पडलात, हे तू मला सांगितलं नाहीस. मला राग येईल या भीतीने असेल. आला होता. दोन दिवस आला होता. माझा मान गेला, असं वाटत होतं. मग आजोबांचं म्हणणं उलटसुलट करून बघितलं. बहीण विधवा होईल या धास्तीने मेहुणा दोर सोडत नाही, तर जिला स्वतःला ती धास्ती आहे तिने का सोडावा? याचं उत्तर आजोबांकडे नसणार. लहूकडे तर नाहीच.

रंजिता, पंच बसले की इथून पुढचं उभी राहून मोठ्याने वाच.

दोर माझा आहे. केवणीची साल मी सोलली, मी भिजवली, मी वळली. दाजींच्या दोराशी बसायचा हक्क माझा आहे आणि तो मी माझ्या बहिणीला, मैनाला, दिलेला आहे. तिने धरला म्हणजे मी धरला. कोणाला काही म्हणायचं असेल त्याने वडप्याला यावं, मी गेटवरच बसलेला असतो.

दाजी, माझ्या वेळी कड्यावरून उतरताना तुम्ही कधी वर बघितलं नाहीत. तिच्या वेळीही बघू नका.

तुमचा मेहुणा,
नामा